एक घर पुढे

विलायती बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा असते. आपल्या जुन्या देशी खेळात ती नव्हती. बिचारे एकेक घर सरकायचे. पंजाबचे मीर सुलतान खान लहानपणी शिकले ते हे देशी बुद्धिबळ. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले हे गृहस्थ १९२९ साली धन्याबरोबर लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावून बसले!

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांच्यासमोर आले माजी जगज्जेते कापाब्लांका. 'नोकराने जगज्जेत्याला हरवले' एवढे सांगून लोक थांबतात. मला मात्र त्या डावातली पाचवी खेळी मोठी वाटते. कापाब्लांकांनी काळ्या मोहऱ्यांनी जो बचाव घेतला, त्याचे नाव 'वजिराचा भारतीय'. त्यात काळा उंट पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडू पाहतो. खानांनी काय केले? वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे सरकवले, एकच घर! उंटाची जागा गेली. पुढे याच खेळीला पेट्रोशियन यांचे नाव चिकटले.

मग कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती शह देत राजाच्या अंगणात घुसले. खानांनी वजीर देऊन दोन्ही टिपले. उरलेल्या काळ्या वजिराला पांढरी फळी काही फोडता येईना. पासष्ट खेळ्यांनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला. त्या स्पर्धेतली त्यांची ही एकमेव हार.

खान १९६६ साली वारले. जागतिक संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली.