पडली म्हणता, पण चढली कधी होती?

गुगलने ११ डिसेंबरला २०२५ मधला तिसरा कोअर अपडेट, म्हणजे शोधक्रमवारीतला मोठा बदल, सोडला, तो २९ तारखेला पूर्ण झाला. तेवढ्या दिवसांत वेबसाइटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच रड होती: ‘रँकिंग गेलं!’

माझ्या ओळखीच्या एक काकू आठ वर्षं फराळाच्या पाककृतींची साइट चालवतात. एका सल्लागाराने त्यांना सांगितलं, ‘साइट मेली, नवं डोमेन घ्या.’ आम्ही गुगलचं सर्च कन्सोल उघडलं, साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं. चकलीच्या भाजणीच्या पानाचे क्लिक आपटले होते, इम्प्रेशन्स म्हणजे शोधात दिसण्याचे आकडेही. सरासरी स्थान मात्र होतं तिथेच, चौथं. म्हणजे जागा गेलीच नव्हती. दिवाळी सरली, भाजणी शोधणारे थांबले, एवढंच. आदल्या वर्षाशी तारखेला तारीख लावून पाहिलं तर ऑक्टोबरअखेरही कडेलोट दिसत होता. पण २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ चं २१ ऑक्टोबरला! इथे सल्लागारापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय शहाणं ठरलं.

जुन्या साइटची हीच श्रीमंती: तिला इतिहास असतो. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा हिशेब ठेवतं. घसरण कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणत्या पानांवर, कोणत्या शब्दांवर, हे विचारता येतं. एकाच दिवशी सगळं पडलं तर आधी घरातच पाहावं: नव्या डिझाइनमध्ये पान शोधातून वगळणारं ‘नोइंडेक्स’ राहून गेलं का, पत्ते बदलले पण रीडायरेक्ट लावले का? स्थान टिकून फक्त क्लिक गळाले, तर वर एआयचं तयार उत्तर आलंय का? अपडेटच्या दिवसांत पानंच्या पानं खाली गेली, तरच मजकुराच्या दर्जाकडे वळावं.

दोन महिन्यांच्या डोमेनला यातलं काय विचारणार? आठवडाभर पहिल्या पानावर दिसलं आणि गायब झालं, तर ती जागा कमावलेली नव्हती, गुगलने चाचपून पाहिली होती. तिथे पहिला प्रश्न वेगळा: पान मुळात इंडेक्स झालंय का? नव्या साइटना अडवून ठेवत नाही, असं गुगल वर्षानुवर्षं सांगत आलं. मे २०२४ मध्ये फुटलेल्या गुगलच्या कागदपत्रांत मात्र डोमेनचं वय नोंदवणारा ‘होस्टएज’ हा रकाना निघाला, आणि शेजारी ताज्या स्पॅमला रोखण्याचा उल्लेख. त्याचं वजन किती, हे त्यात नाही. पण माझा संशय काही जात नाही.

म्हणून ‘रिकव्हरी पॅकेज’ विकणाऱ्याला आधी घसरणीची तारीख विचारा. ती न सांगता जो नवं डोमेन सुचवतो, तो आठ वर्षांची पत मोडीत काढायला सांगतोय. काकूंनी जुनंच डोमेन रिन्यू केलं. सध्या त्या तिळाच्या वड्यांचं पान नीट करताहेत. संक्रांत तारीख फारशी बदलत नाही.