सोनेगावात थांबलेली विमाने

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९९१ साली कॉन्टिनेंटल एव्हिएशन या खासगी कंपनीचे बोइंग ७२० उतरले, ते पुन्हा उडालेच नाही. कंपनीने पाठ फिरवली. चार इंजिनांचे ते धूड २४ वर्षे धावपट्टीजवळ उन्हापावसात उभे राहिले. २०१५ मध्ये ते ओढून बाजूला नेले, तेव्हा त्याच्याकडे विमान म्हणून कोणी पाहत नव्हते.

मोटार दोन वर्षे अंगणात पडली, तर बॅटरी बदलून निघते. विमानाचे तसे नाही. १९३७ च्या विमान नियमांपासून उड्डाणयोग्यतेचा दाखला हाच विमानाचा प्राण. पूर्वी त्याचेच नूतनीकरण होई. पुढे दरवर्षीच्या तपासणीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘एआरसी’ आले. ते चुकले की विमान जमिनीवर. १९४७ पासूनच्या नागपूर फ्लाइंग क्लबलाही हे चुकले नाही. गेल्या दशकात त्याची सेसना विमाने काही वर्षे हँगरमध्येच होती. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले. अशा जुन्या विमानाला ५० आणि १०० तासांच्या तपासण्या लागतात. इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी उत्पादक तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा सांगतो, त्यामुळे न उडवताही इंजिन म्हातारे होतेच.

विमा याच दाखल्याला बांधलेला असतो. विमानाची रक्कम बहुधा आधीच ठरते, ‘मान्य मूल्य’ म्हणून. ते कमी दाखवून प्रीमियम वाचवणारे हुशार मालक अपघातानंतर दुरुस्तीच्या बिलापुढे हतबल होतात. प्रवाशांची आणि त्रयस्थांची जबाबदारी वेगळी लिहावी लागते. एआरसी संपलेले असताना उड्डाण केले, किंवा पॉलिसीच्या अटीत न बसणारा वैमानिक बसला, तर क्लेम नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. झीज तर पॉलिसीत बसतच नाही. उभ्या विमानासाठी फक्त जमिनीवरच्या जोखमीचा स्वस्त विमा मिळतो. मात्र तो असताना ‘एकच चक्कर’ मारायचा मोह आवरावा.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. मालकाची जबाबदारी त्याने हलकी झालेली नाही. जुने सेसना घ्यायला निघालेल्यांनी रंग आणि गाद्या नंतर पाहाव्यात. आधी एआरसीची तारीख, इंजिनाचे लॉगबुक आणि पॉलिसीतल्या अपवादांचे पान मागून घ्यावे.