पंचांगात नसलेले दिवस

सण, व्रते, जयंत्या आणि पुण्यतिथी यांची कोणत्याही पंचांगात गर्दी असते, आणि त्यांचे दिवस कसे ठरतात हेही बहुतेकांस ठाऊक असते. गणेशचतुर्थी चंद्राच्या कलेवरून ठरते, मकरसंक्रांत सूर्याच्या राशिप्रवेशावरून ठरते, तर गांधीजयंती इसवी सनाच्या तारखेस येते. परंतु या यादीबाहेरचेही काही दिवस जगात कोठे ना कोठे साजरे होत असतात. त्या दिवशी कचेऱ्या बंद नसतात की घरात पक्वान्न शिजत नाही. पुष्कळांना तर असा दिवस आहे याचीच वार्ता नसते. अशा दिवसांपैकी विज्ञानाशी निगडित असलेले काही दिवस पाहू गेल्यास एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. काहींचा आधार केवळ तारीख लिहिण्याची रीत हा आहे. काहींचा आधार एखादी घडलेली घटना आहे. आणि एक दिवस मात्र कोणीच ठरविलेला नाही. तो गावागणिक निराळा असतो, आणि अंगणात काठी उभी करून कोणासही त्याची खात्री करून घेता येते.

पहिल्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध दिवस म्हणजे १४ मार्चचा ‘पाय दिवस’. वर्तुळाच्या परिघास व्यासाने भागले असता येणाऱ्या संख्येला ‘पाय’ म्हणतात, आणि तिची किंमत सुमारे ३.१४१५९ आहे. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्या रीतीने १४ मार्च ही तारीख ३/१४ अशी दिसते. सॅन फ्रॅन्सिस्को येथील ‘एक्सप्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयातील लॅरी शॉ यांनी १९८८ साली हा दिवस प्रथम साजरा केला. संग्रहालयातील मंडळींनी गोलाकार जागेभोवती फेरी काढली आणि गोल, भाजलेले ‘पाय’ खाल्ले. कारण इंग्रजीत याच उच्चाराचा एक खाद्यपदार्थ आहे. थट्टेने सुरू झालेल्या या दिवसाला २००९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मान्यता दिली, आणि २०१९ साली युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला.

भारतात मात्र ही तारीख १४-३ अशी लिहिली जाते, व त्यात ‘पाय’चा मागमूसही दिसत नाही. आपल्या रीतीने पाहता २२ जुलै हा दिवस अधिक शोभतो. कारण २२/७ हा अपूर्णांक शाळेतील प्रत्येक मुलाच्या परिचयाचा आहे. काही देशांत तो दिवस ‘पाय’च्या स्थूल मानाचा दिवस म्हणून पाळलाही जातो. ‘स्थूल’ या विशेषणामुळे तो कमी प्रतीचा वाटेल, पण हिशेब उलट सांगतो. ३.१४ ही संख्या खऱ्या किमतीहून सुमारे ०.००१५९ ने कमी आहे, तर २२/७ हा अपूर्णांक सुमारे ०.००१२६ ने अधिक आहे. म्हणजे मार्चपेक्षा जुलैचाच दिवस सत्याच्या अधिक जवळ आहे! ‘पाय’ची किंमत २२/७ पेक्षा किंचित कमी असते, हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला. हे मान ३.१४१६ इतके येते. ते देताना त्याने ‘आसन्न’, म्हणजे जवळचे, असा शब्द योजिला, ही गोष्ट गणिताच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांचा ‘मोल दिवस’ही याच जातीचा आहे. एक मोल पदार्थात ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. म्हणून दहाव्या महिन्याच्या २३ तारखेस, सकाळी ६ वाजून २ मिनिटांपासून सायंकाळी ६ वाजून २ मिनिटांपर्यंत, अमेरिकेतील काही शाळा हा दिवस पाळतात. इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे जमिनीत बिळे करणारा एक लहानसा प्राणी. तेव्हा मुले त्याच्या बाहुल्या करून वर्गात आणतात. मराठी मुलांस ‘मोल’ म्हटल्यावर प्राणी न आठवता बाजारभाव आठवेल.

घटनेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या दिवसांचा पाया याहून भक्कम असतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध लावला, त्याची आठवण म्हणून १९८७ पासून भारतात त्या तारखेस राष्ट्रीय विज्ञान दिवस पाळला जातो. हा दिवस बहुतेक शाळांना परिचित आहे. ३० जूनचा ‘लघुग्रह दिवस’ त्या मानाने अपरिचित आहे. १९०८ साली त्या तारखेस सैबेरियातील तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशातून आलेला एक पिंड जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच फुटला, आणि २,००० चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रातील अरण्य आडवे झाले. तो प्रदेश इतका दुर्गम होता की लिओनिद कुलिक या शास्त्रज्ञास तेथे पोहोचण्यास १९२७ साल उजाडले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ साली या दिवसास मान्यता दिली. रशियात त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना चालत असे. त्यामुळे ज्यांनी तो स्फोट ऐकला त्यांच्या देशात त्या दिवशी १७ जून ही तारीख होती. घटना एकच असली, तरी तिची तारीख कालगणनेबरोबर बदलते.

२० मे हा ‘जागतिक मापनशास्त्र दिवस’ आहे. १८७५ साली या तारखेस पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मीटरविषयक करारावर सह्या केल्या. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून शेर, मण, गज यांना निरोप दिला, आणि १९५७ साली तो या करारात सामील झाला. २० मे २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्हर येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. त्या तारखेपासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातील एका स्थिरांकावरून केली जाते. मीटरची कथा याहूनही उद्‌बोधक आहे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरविले. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परिघ जवळजवळ नेमका ४०,००० किलोमीटर का भरतो, याचे उत्तर यात आहे. तो योगायोग नव्हे. पृथ्वी मोजूनच मीटर बनविला गेला.

पृथ्वी मोजण्याचा हा उद्योग एखाद्या शाळेसही करता येतो; आणि त्यासाठी उपयोगी पडतो तो कोणीही न ठरविलेला दिवस, म्हणजे ‘शून्यछाया दिवस’.

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु ते दोन्ही अंगांनी चूक आहे. सूर्य बरोबर खमध्यावर येणे ही वर्षातून फार तर दोनदा घडणारी गोष्ट आहे, आणि तीही केवळ कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे २१ जूनच्या मध्यान्हीसुद्धा एक मीटर उंचीच्या काठीची सुमारे ९ सेंटिमीटर सावली उरते. याउलट दक्षिणेकडील गावांत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, त्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते. बारा वाजण्याविषयी सांगायचे तर भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेस असल्याने तेथे मे महिन्याच्या मध्यास खरी मध्यान्ह १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते.

हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवास करीत येतो. कन्याकुमारीस तो १०-११ एप्रिलला असतो, बंगळूर येथे २४-२५ एप्रिलला, पुण्यास १३-१४ मेला, मुंबईस १५-१६ मेला, आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास. २१ जूनला तो कर्कवृत्तावर पोहोचतो आणि तेथून परत फिरतो. परतीच्या वाटेवर तो नागपुरास १७ जुलैच्या आसपास, मुंबईस २७-२८ जुलैला आणि पुण्यास २९-३० जुलैला येतो. त्याची चाल सारखी नसते. एप्रिलच्या अखेरीस तो दररोज सुमारे ३५ किलोमीटर पुढे सरकतो, मेच्या मध्यास सुमारे २५, आणि कर्कवृत्ताजवळ तर जवळजवळ थबकतोच. या दोन तारखांच्या दरम्यान, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, मुंबईत मध्यान्हीची सावली उत्तरेस न पडता दक्षिणेस पडते. तेथे जन्म काढलेल्या माणसांच्याही ही गोष्ट क्वचितच लक्षात आलेली असते.

हवाई बेटांत या दिवसाला ‘लाहाइना नून’ असे नाव आहे. मक्केच्या काबेवर सूर्य २७-२८ मे आणि १५-१६ जुलै या दिवशी बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी भारतात दुपारचे पावणेतीन ते तीन वाजलेले असतात, आणि येथे उभ्या केलेल्या काठीची सावली मक्केच्या नेमक्या विरुद्ध दिशेस पडते. नमाजाची दिशा तपासून घेण्यासाठी अनेक देशांतील मुसलमान या क्षणाचा उपयोग करतात. भारतीय ज्योतिषातही उभ्या काठीला, म्हणजे शंकूला, मोठे स्थान आहे. दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी १२ अंगुळे उंचीच्या शंकूची मध्यान्ह-छाया म्हणजे त्या गावाची ‘पलभा’. पुण्याची पलभा सुमारे ४ अंगुळे येते. तिच्यावरून अक्षांश काढता येतो. भारतात अलीकडच्या काळात अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था शून्यछाया दिवसाचा प्रसार करीत आहे.

आता पृथ्वीचे मापन. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रंथपालाने (तो अलेक्झांड्रियाच्या प्रख्यात ग्रंथालयाचा प्रमुख होता) ऐकले होते की दक्षिणेकडील सायीनी गावी, म्हणजे आजच्या आस्वान येथे, एका ठरावीक दिवशी मध्यान्ही सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्यकिरण लंबरेषेशी पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका कोन करीत होते. म्हणजे दोन गावांतील अंतराच्या ५० पट हा पृथ्वीचा परिघ झाला.

भारतात यासाठी एक नामी जोडी उपलब्ध आहे. बंगळूर आणि विदर्भातील अमरावती ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह एका मिनिटाच्या आत होते. २४-२५ एप्रिल रोजी बंगळुरात सावली नाहीशी झालेली असते तेव्हा अमरावतीस एक मीटर काठीची सावली सुमारे १४ सेंटिमीटर भरते. कागदावर हा काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजल्यास शिरोभागीचा कोन ८ अंश येतो, आणि तो पूर्ण वर्तुळाचा पंचेचाळिसावा भाग होय. दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. त्याची ४५ पट ३९,६०० किलोमीटर होते. ४०,००० च्या तुलनेत यातील चूक शेकडा एक इतकीच आहे.

प्रयोगास साहित्य थोडेच लागते, पण एका बाबतीत हयगय चालत नाही. काठी ओळंब्याने तपासून अगदी उभी करावी, आणि जमीन सपाट असावी. काठी एक अंशाने कलली, तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. घड्याळावर विसंबण्यापेक्षा मध्यान्हीच्या आधी व नंतर अर्धा तास दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपावे. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड थोडी अंधुक दिसेल, आणि ठरलेल्या तारखेच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीही सावली जेमतेम काही मिलिमीटरच असेल. आदल्या दिवशी तयारी करून पाहणाऱ्यांना ही गोष्ट सोयीचीच आहे.

कोकणात जुलैचा दिवस बहुधा ढगांतच जातो, म्हणून तेथे मेचाच दिवस धरावा लागतो. आणि त्या वेळी शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. परंतु या प्रयोगाला वर्ग लागत नाही. दुपारी साडेबारा वाजता ऊन पडणारे एखादे अंगण किंवा गच्ची तेवढी पुरते.