विंडोज सोडायचंय? सॉफ्टवेअरची नाही, कामांची यादी करा



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानातले पीसी धडधाकट आहेत, पण टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, म्हणून विंडोज ११ चढत नाही. मग कुणीतरी सांगतं, "लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला चांगला आहे. पण मी तो घाईत ऐकला आणि फसलो.

सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलं. मशीन एकदम चपळ झालं, मी खूश. दुसऱ्या दिवशी हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलं, "सर, आपलं अकाउंट्सचं कुठं गेलं?" ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. तारीख १८, आणि जीएसटीआर-३बी भरायचा २० च्या आत! बॅकअप होता म्हणून वाचलो. एका मित्राच्या दुकानात दोन दिवस बसून रिटर्न भरलं.

चूक लिनक्सची नव्हती. मी सॉफ्टवेअरची नावं मोजली, कामं मोजलीच नाहीत.

म्हणून वहीचं एक पान घ्या. आठवडाभर कॉम्प्युटरवर कोण काय करतं ते लिहा. प्रत्येक कामापुढे लिहा: फाईल कुणाला जाते, आणि ते काम अडलं तर धंदा किती दिवस थांबेल. आता पर्याय शोधा.

पत्र, कोटेशन, शीट: लिबरऑफिस. वर्ड-एक्सेलच्या साध्या फाईली नीट उघडतात. एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर मात्र प्रत्येक फाईल चालवून बघा. मांडणी हलली तर आधी फॉन्ट तपासा. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो चालतो, अक्षरांची रुंदी तीच आहे. गिऱ्हाइकाला पीडीएफच पाठवा.

जीएसटी पोर्टल, बँक, मेल: हे ब्राउझरमध्ये चालतं, फारसं काही बदलत नाही. पण डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का हे आधी बघा.

डिझाइन: फोटोसाठी गिंप, लेबल-व्हिजिटिंग कार्डसाठी इंकस्केप. कोरलड्रॉच्या फाईली इंकस्केपमध्ये उघडतात, पण अक्षरं इकडेतिकडे होऊ शकतात. प्रेसवाला पीडीएफ घेतो का, विचारून घ्या.

मराठी मजकूर: इथे पुष्कळ जण अडकतात. कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं पत्र युनिकोड नसतं. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कामाच्या फाईली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि आकडे, नावं डोळ्यांखालून घाला. नव्या टायपिंगसाठी लिनक्सवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

हिशेब: टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, पण ऐन रिटर्नच्या वेळी त्यावर विसंबू नका. हिशेबापुरतं विंडोज ११ चं एक मशीन ठेवा, किंवा सीएंना विचारून ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घ्या. एक मशीन वेगळं ठेवलं म्हणजे आपण हरलो असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी सॉफ्टवेअर बदला, ऑपरेटिंग सिस्टिम शेवटी. लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप ही तिन्ही विंडोजवरही फुकट चालतात. आजच टाका आणि पूर्ण एक महिना त्यांवरच काम करा. महिनाभर म्हणजे बिलं, पगार, रिटर्न असं एक अख्खं चक्र होतं. कुठे अडलात तर जुनं सॉफ्टवेअर शेजारीच आहे.

मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता. प्रिंटर, स्कॅनर, बारकोड रीडर, सगळं जोडून एकेक खरी प्रिंट काढा. सगळं जमलं, बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, की मगच इन्स्टॉल करा. आणि तेही रिटर्न भरून झाल्यावर, २१ तारखेनंतर!

आज माझ्या ऑफिसात हिशेबाचा एक पीसी विंडोजवर आहे, बाकीचे मिंटवर. हे ठरवलं कुणी? त्याच ताईंनी. यादीही त्यांनीच केली. तुमच्याकडेही रोज कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाच्या हातात ते पान द्या. मालकाला सॉफ्टवेअरची नावं माहीत असतात, अडतं कुठे ते त्यालाच माहीत असतं.