गज आणि गंज

बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यात कवेलूंच्या घरांशेजारी आता स्लॅबची घरंही दिसतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी गंज काही दूर नाही.

खरं तर काँक्रीटमधला गज सुरक्षित असायला हवा. सिमेंट भिजलं की चुना सुटतो आणि काँक्रीटच्या पोटातला सामू १२.५ च्या वर जातो. अशा अल्कधर्मी ओलीत गजावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा. तो शाबूत आहे तोवर पाणी आणि हवा पोहोचूनही गज गंजत नाही!

मीठ या पापुद्र्याला जागोजाग छिद्रं पाडतं. गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल पंधरा-सोळा वर्षांतच, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या.

परसवाड्यात खारं वारं नाही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे. तो काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून शिरतो, चुन्याची चुनखडी करतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन फवारलं, तर आतला निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरची पट्टी करडीच राहते. गज त्या करड्या पट्टीत असला, तर त्याचं कवच गेलं म्हणून समजावं.

ही पट्टी ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. १० वर्षांत १० मिलिमीटर, तर ४० वर्षांत २०. म्हणजे कव्हर, गजाबाहेरचा काँक्रीटचा थर, दुप्पट केलं की मुदत चौपट! बांधकामात इतका स्वस्त सौदा मला दुसरा ठाऊक नाही.

तरी कव्हर ब्लॉकऐवजी गजाखाली गिट्टीचा खडा सरकवला जातो, माल टाकताना गजांच्या जाळीवर पाय पडतो आणि ती सेंट्रिंगला टेकते. पुढे गंज लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, काँक्रीट आतून फुटतं, छताचे पोपडे पडतात. त्यावर नुसता गिलावा थापून काही होत नाही. गजामागचं काँक्रीट काढून, गज चकचकीत घासूनच नवा थर द्यावा लागतो.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आडोशातल्या काँक्रीटला किमान २० मिलिमीटर कव्हर हवं, पावसात उघड्या असलेल्याला ३०. उन्हाळ्यात स्लॅबवर किमान १० दिवस पाणी ठेवा. आणि मिक्सर सुरू होण्याआधी स्वतः वाकून जाळीखाली बोट घाला. ते सहज जात नसेल, तर काम थांबवा.