‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे किती सत्य?

श्रोतेहो, आपण चित्रपट पाहायला बसलो की पडद्यावर सर्वांत आधी एक पाटी येते. बहुधा तीवर असे लिहिलेले असते की, या कथेतील पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत, कोणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. ही पाटी आपण वाचतही नाही. पण तिच्या जागी ‘सत्य घटनेवर आधारित’ एवढे तीनच शब्द आले, की आपण जरा सरसावून बसतो. आता पुढे दिसेल ते घडलेले आहे, असे मनाशी धरूनच पाहू लागतो. आज मला या तीन शब्दांविषयीच आपल्याशी बोलायचे आहे. त्यांत सत्य किती आणि नुसता आधार किती, हे तपासण्याची सवय आपल्याला नाही. आणि ती नसल्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने माणसांच्या प्राणांनी मोजलेली आहे.

उदाहरणासाठी एक अमेरिकन चित्रपट घेऊ. ‘द फोर्थ काइंड’, म्हणजे ‘चौथा प्रकार’, हा चित्रपट २००९ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. मुंबईच्या उपनगरांतली आमची कॉलेजची मुले तो अजूनही शोधून पाहतात आणि वर्गात विचारतात, ‘‘सर, हे खरंच झालंय ना?’’ त्यांचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आधी नावाचा अर्थ सांगतो. हायनेक नावाचे एक अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होते. उडत्या तबकड्यांच्या बातम्यांची छाननी करण्याच्या कामी तिथले हवाई दल त्यांचा सल्ला घेत असे. १९७२ साली त्यांनी अशा बातम्यांचे तीन प्रकार पाडले. तबकडी जवळून दिसली, तर पहिला. तिने जमिनीवर वा वस्तूंवर काही खूण मागे ठेवली, तर दुसरा. आत कोणी प्राणी दिसला, तर तिसरा. पुढे इतर लोकांनी त्यात चौथ्याची भर घातली. परग्रहावरच्यांनी माणसाला उचलूनच नेले, तर तो चौथा प्रकार!

चित्रपटाची कथा अलास्का प्रांतातल्या नोम या गावची आहे. हे गाव खरोखरच आहे. उत्तरेच्या समुद्रकाठी, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचे. तिथे जायला बाहेरून रस्ता नाही. विमानाने किंवा बोटीने जावे लागते. चित्रपटात या गावातली एक मानसोपचारतज्ज्ञ बाई रोग्यांना संमोहित करते आणि ते सांगू लागतात की, रात्री तीनच्या सुमारास जाग येते, खिडकीत एक पांढरे घुबड दिसते आणि मग काहीतरी भयंकर घडते. आता यातली खुबी पाहा. आरंभीच नटी आपले खरे नाव सांगून प्रेक्षकांपुढे येते आणि म्हणते की, मी त्या बाईची भूमिका करते आहे आणि मधूनमधून आपल्याला त्या बाईने स्वतः घेतलेली मूळ चित्रफीत दाखवली जाईल. मग पडद्याचे दोन भाग होतात. एका बाजूला अभिनय, दुसऱ्या बाजूला ती ‘मूळ’ चित्रफीत, धूसर, मुंग्या आल्यासारखी. दोन्हींकडे तेच शब्द. पाहणाऱ्याला वाटते, एवढा पुरावा समोर असताना शंका ती कसली घ्यायची?

पण श्रोतेहो, ती ‘मूळ’ चित्रफीतही अभिनयच होता. तिच्यात दिसणारी बाई ही दुसरी नटी. अलास्कातल्या वार्ताहरांनी शोध घेतला, तेव्हा अशा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची कुठे नोंदच सापडेना. नोमच्या भोवती उघडा, झाडे नसलेला मुलूख आहे. चित्रपटात मात्र दाट झाडीचे डोंगर दिसतात, कारण चित्रीकरण बव्हंशी बल्गेरियात झाले होते! आणखी एक गोष्ट झाली. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावावर खोट्या बातम्या रचून त्या इंटरनेटवर ठेवण्यात आल्या होत्या. वृत्तपत्रांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट कंपनीने त्या बातम्या काढून घेऊन तिथल्या पत्रकारांच्या संस्थेला वीस हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

मग सत्य काहीच नव्हते का? होते, आणि ते फार दुःखाचे होते. १९६० नंतरच्या चाळीसएक वर्षांत नोम आणि परिसरातून सुमारे चोवीस माणसे नाहीशी झाली किंवा संशयास्पद रीतीने मरण पावली. त्यांतली बरीचशी आसपासच्या खेड्यांतून नोमला आलेली, तिथल्या मूळ जमातींची. नातेवाइकांनी टाहो फोडला, तेव्हा एफ.बी.आय. या मध्यवर्ती तपास खात्याने ही प्रकरणे पुन्हा तपासली. निष्कर्ष निघाला तो असा, की अतोनात दारू आणि हाडे गोठवणारी थंडी. नऊ जणांचे मृतदेह कधी मिळालेच नाहीत. ज्या घरातला कर्ता मुलगा बर्फात हरवला, त्या घरच्यांना पडद्यावर सांगण्यात आले की, त्याला तबकडीवाल्यांनी नेले. एखाद्याच्या घरच्या सुतकाचा तमाशा व्हावा, तसेच हे झाले. शिवाय, दारूचा प्रश्न आणि थंडीत निवाऱ्याची सोय, या ज्या गोष्टींवर बोलायला हवे होते, त्या बाजूलाच राहिल्या. ‘आधारित’ या शब्दाच्या आड किती मोठी जागा असते, हे यावरून ध्यानात यावे.

कोणी विचारील, ‘‘पण आम्हाला उचलून नेले असे शपथेवर सांगणारी माणसे आहेत, ती सगळी काय लबाड?’’ नाही. त्यांतले पुष्कळजण प्रामाणिक असतात. १९६१ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतात बेटी आणि बार्नी हिल हे जोडपे रात्री मोटारीने घरी येत होते. आकाशात दिवा दिसला, तो पाठलाग करतो असे वाटले. पुढे बेटीबाईंना स्वप्ने पडू लागली. तीन वर्षांनी बोस्टनच्या डॉक्टर सायमन यांनी दोघांना संमोहित केले, तेव्हा परग्रहवासीयांनी आपल्याला तबकडीत नेऊन तपासल्याची हकीकत बाहेर आली. गंमत अशी की, ज्या डॉक्टरांनी संमोहन केले त्यांचेच मत पडले की, अपहरणाचा भाग हा बेटीबाईंच्या स्वप्नांतून आलेला आहे. १९७५ साली या हकीकतीवर टेलिव्हिजनचा चित्रपट निघाला आणि त्यानंतर अशा हकीकती सांगणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

संमोहनात माणूस खरेच बोलतो, ही समजूत बरोबर नाही. तो अधिक खात्रीने बोलतो, एवढेच. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना नव्हे, की उघडली पेटी आणि काढला जसाच्या तसा. प्रत्येक वेळी आठवताना मन ती नव्याने घडवते, आणि विचारणाऱ्याच्या प्रश्नाचा रंग तिला लागतो.

रात्री तीनला जाग येणे, अंग हलवता न येणे, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटणे, खोलीत कोणी उभे असल्याचा भास होणे, हे तर आपल्या खेड्यांतही पुष्कळांना ठाऊक आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठून धावत नाही. कधी मन जागे होते आणि स्नायू मात्र क्षणभर तसेच राहतात. स्वप्नही पुरते सरलेले नसते. काही क्षणांत हे आपोआप सुटते. आपली आजी त्याला भूत म्हणेल, अमेरिकेतला माणूस परग्रहवासी म्हणेल. अनुभव खरा, त्याला दिलेले नाव मात्र आपापल्या मुलखाचे आणि पाहिलेल्या चित्रपटाचे.

आता पडद्याकडून आपल्या अंगणात येऊ. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशातल्या पुष्कळ गावांतून आकाशात जळत जाणारे पट्टे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूची एक मोठी कडी, सुमारे तीन मीटर व्यासाची, येऊन पडली. आसपास धातूचे गोळे सापडले. तबकडी म्हणायला याहून चांगली संधी कोणती? पण गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले, वस्तू जपून ठेवल्या गेल्या, इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्या पाहिल्या. चीनने २०२१ च्या फेब्रुवारीत उडवलेल्या अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितले. वस्तू हाती होती, दिवस-वेळ नक्की होती, जाणत्याला विचारले गेले. भयाला जागाच उरली नाही.

याच्या उलट घडले ते चार वर्षे आधी, धुळे जिल्ह्यात. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके बांधव तिथे उतरले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोहोचली होती. लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले, जमाव चालून गेला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. त्यांच्यापाशी पळवलेले मूल नव्हते. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यातले मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनवलेली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. एवढा शेवट कोणीतरी कापला, आणि नाटकाची ‘सत्य घटना’ झाली.

पाहा, युक्ती तीच आहे. नोमच्या चित्रपटात अभिनयाला ‘मूळ चित्रफीत’ म्हटले, इथेही तेच केले. गोरेगावच्या चित्रनगरीत कधी सहल नेलीत, तर मुलांना पोलीस ठाणे, इस्पितळ, देऊळ यांचे देखावे कसे उभे करतात ते जरूर दाखवा. समोरून भिंत, मागून फळ्या आणि बांबू! आता तर तेवढाही खटाटोप लागत नाही. यंत्र सांगाल तसे चित्र आणि आवाज बनवून देते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना चार प्रश्न पाठ करवा. हे कोण सांगतो आहे, त्याचे नाव-गाव आहे का? घटना कुठली, केव्हाची, आणि तिथल्या वृत्तपत्रात वा पोलिसांकडे तिची नोंद आहे का? हे अख्खे आहे, की मागचे-पुढचे कापलेले? आणि याहून साधे काही कारण असू शकेल का? एक प्रयोगही करा. वर्गात अचानक एखादी लहानशी गडबड घडवून आणा आणि पाच मुलांना वेगवेगळे बसवून तिचे वर्णन लिहायला सांगा. पाचही वर्णने प्रामाणिक असतील, आणि पाचही निराळी निघतील.

तबकड्यांचे चित्रपट पाहू नका, असे माझे सांगणे नाही. ‘कोई मिल गया’ मधला जादू आपल्या मुलांनी डोक्यावर घेतला. तो खरा आहे असे कोणी सांगितले नव्हते आणि त्याने कोणाचे काही बिघडवलेही नाही. गोष्ट म्हणून गोष्ट ऐकावी, पोटभर घाबरावे, हसावे. पण कोणी ‘हे खरं आहे बरं का’ असे म्हटले, की तिथून पुढे ती गोष्ट राहत नाही, ती साक्ष होते. आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. बाजारात दोन रुपयांचे वांगे आपण उलटून-पालटून पाहतो. कोणाच्या तरी जिवावर बेतणारी बातमी पुढे ढकलण्यापूर्वी तीही तशीच पाहावी.