दिवाणखान्यातले चित्रपट आणि उतारवय

चित्रपटांविषयी अधिकारवाणीने बोलावे इतका माझा त्या कलेचा अभ्यास नाही. गेली तीस वर्षे मी कुटुंबवैद्य म्हणून व्यवसाय करीत आहे. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी दुपारी घरच्यांसोबत एखादा चित्रपट, एवढाच माझा आणि पडद्याचा संबंध. 2020च्या महासाथीत चित्रपटगृहे बंद झाली, घरोघरी दूरचित्रवाणी संच आंतरजालाला जोडले गेले आणि जिना उतरणेही अवघड झालेल्या अनेक ज्येष्ठांना वर्षानुवर्षांनंतर पुन्हा चित्रपट पाहता येऊ लागले. आता तपासणीसाठी आलेले आजोबा रक्तदाबाचा आकडा ऐकून झाल्यावर हळूच विचारतात, "डॉक्टर, अमुक सिनेमा पाहिलात का? त्यात दाखवतात तसं खरंच होतं का हो?"

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख. अलीकडे घरी पाहिलेल्या पाच चित्रपटांविषयी माझी मते येथे मांडतो. कॅमेरा, संकलन यांविषयी जाणकार बोलतील. माझी कसोटी साधी आहे : चित्रपटाने म्हातारपण आणि आजारपण कितपत खरे दाखवले, आणि घरात वृद्ध माणूस असलेल्या कुटुंबाने त्यातून काय घ्यावे?

थ्री ऑफ अस : आजाराची पहिली पायरी

अविनाश अरुण यांचा हा हिंदी चित्रपट 2023 साली प्रदर्शित झाला. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात नोकरी करणाऱ्या शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. आठवणी पुसल्या जाण्याआधी बालपणाची काही वर्षे जिथे गेली ते वेंगुर्ले तिला एकदा पाहायचे आहे. पती सोबत जातो, तिथे बालमित्र भेटतो. शेफाली शहा, स्वानंद किरकिरे आणि जयदीप अहलावत या तिघांनी आवाज न चढवता ही गोष्ट उभी केली आहे.

स्मृतिभ्रंशावरचे बहुतेक चित्रपट शेवटची अवस्था दाखवतात : रस्ता चुकलेला, मुलांना न ओळखणारा वृद्ध. हा चित्रपट सुरुवात दाखवतो, जेव्हा रुग्णाला स्वतःला सारे कळत असते आणि ते कोणाला सांगावे हे कळत नसते. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे वैद्यकीय मोल आहे. हा आजार साठीच्या आतही होऊ शकतो, हेही तो न बोलता सांगतो.

एक आक्षेप मात्र आहे. कोकणची हिरवाई, समुद्र आणि संथ संवाद यांमुळे आजार काहीसा काव्यमय वाटू लागतो. पतीचे खरे कष्ट जिथे सुरू होणार, तिथे चित्रपट संपतो. तरीही बायकोच्या भूतकाळात आपल्याला जागा नाही ही त्याची सल आणि ती पोटात ठेवून तिच्यासोबत राहणे, हे शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना ओळखीचे वाटेल.

येथे वाचकांनी एक भेद लक्षात ठेवावा. नाव न आठवणे आणि तासाभराने आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, हे वयाचे विसरणे होय. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणे, नेहमीच्या गल्लीत वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या आमटीची कृती मध्येच अडणे, पैशांच्या हिशेबात वारंवार गोंधळ होणे, हे तपासणीचे विसरणे होय. अशा वेळी "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नये. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेच्या गोळ्या, यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि या गोष्टींवर उपाय करता येतो.

द फादर : रुग्णाच्या डोळ्यांनी पाहिलेले घर

फ्लोरियान झेलर यांनी स्वतःच्याच नाटकावरून हा इंग्रजी चित्रपट 2020 साली केला. त्यातील भूमिकेसाठी अँथनी हॉपकिन्स यांना 2021 साली, वयाच्या 83व्या वर्षी, ऑस्कर मिळाले.

हा चित्रपट पाहताना प्रेक्षकच गोंधळतो. खोलीतले सामान बदललेले दिसते, मुलगी म्हणून आधी एक स्त्री येते, मग दुसरीच येते. आपले काही चुकले का असे वाटू लागते आणि मग ध्यानात येते की आपण त्या वृद्धाच्या मेंदूत बसून हे घर पाहत आहोत. स्मृतिभ्रंशाविषयी मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा हा दीड तास मला अधिक शिकवून गेला.

त्यातले मनगटी घड्याळाचे प्रकरण विशेष पाहावे. वृद्ध बाप घड्याळ लपवून ठेवतो, ठेवल्याचे विसरतो आणि सांभाळायला आलेल्या बाईवर चोरीचा आळ घेतो. हा आळ आमच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. फक्त घड्याळाच्या जागी बांगड्या असतात, आणि सांभाळणाऱ्या बाईच्या जागी सून. एका घरातली सून यावरून कायमची माहेरी निघाली होती. "इतकं करूनही मी चोर?" हा तिचा प्रश्न रास्तच होता. मी तिला आणि तिच्या नवऱ्याला हा चित्रपट पाहायला सांगितले. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "आता त्या ओरडल्या की मी म्हणते, चला आई, आपण दोघी मिळून शोधू." बांगड्या दर वेळी सापडतात असे नाही. पण घरातले रोजचे भांडण थांबले.

आजाराने घेतलेला आळ खोडून काढता येत नाही. पुरावा दाखवला तर रुग्णाचे भय वाढते. त्याच्या भीतीची दखल घ्यावी, सोबत शोधावे, मग विषय अलगद चहाकडे किंवा फुलांकडे वळवावा. ज्यांना नुकतेच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे, त्यांना मात्र हा चित्रपट दाखवू नये. तो शुश्रूषा करणाऱ्यांनी पाहावयाचा आहे.

ऊंचाई : मैत्री खरी, चढाई बेताने

सूरज बडजात्या यांच्या 2022च्या या चित्रपटात तीन वृद्ध मित्र दिवंगत मित्राच्या अस्थी घेऊन एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत जातात. अमिताभ बच्चन, अनुपम खेर आणि बोमन इराणी यांची जोडी जमली आहे. लांबी थोडी कमी चालली असती. तरी उतारवयातही काही ठरवून पार पाडता येते, हा विश्वास चित्रपट देतो आणि मित्र हे औषध असते, हे माझेही अनुभवाचे मत आहे.

मात्र डॉक्टर म्हणून हे सांगितलेच पाहिजे की तो तळ समुद्रसपाटीपासून 5,364 मीटरवर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू सपाटीच्या सुमारे निम्मा असतो. आपल्यापैकी फार थोडे तिथे जातील. पण केदारनाथ 3,583 मीटरवर आहे आणि तिथे दर वर्षी आपले ज्येष्ठ मोठ्या संख्येने जातात. हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोहोचल्यावर विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला अवधीच मिळत नाही.

म्हणून यात्रेपूर्वी हृदय, रक्तदाब, फुप्फुसे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. वाटेत एक-दोन मुक्काम मधल्या उंचीवर करावेत. रोजच्या गोळ्या सामानात न टाकता खिशात ठेवाव्यात. वर गेल्यावर डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर दर्शन राहिले तरी चालेल, ताबडतोब खाली उतरावे.

जुनं फर्निचर : टाळ्यांपलीकडचा प्रश्न

महेश मांजरेकर यांचा हा मराठी चित्रपट 2024 साली आला. मुलाला न्यायालयात उभे करणारा बाप पाहून अनेक ज्येष्ठांना भरून आले आणि अनेक मुलांना राग आला. माझ्या पाहण्यातल्या एका घरात चित्रपट संपल्यावर दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही.

मला स्वतःला तो काहीसा एकतर्फी वाटला. संवाद टाळ्यांसाठी लिहिले आहेत आणि समोरच्या पिढीची बाजू थोडक्यात उरकली आहे. माझ्या अनुभवात आई-वडिलांची आबाळ सहसा दुष्टपणातून होत नाही. दोघांच्या नोकऱ्या, लोकलचा प्रवास, दोन खोल्यांचे घर, मुलांच्या परीक्षा, आणि या साऱ्यात वडिलांच्या डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. मग त्याच्या पुढच्या. पण कारण समजले म्हणून मोतीबिंदू थांबत नाही. चित्रपट भडक आहे हे मान्य करूनही, जी तक्रार करायला वृद्धांना लाज वाटते ती त्याने मोठ्याने बोलून दाखवली, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

कायद्याची माहिती दोन्ही पिढ्यांना असावी. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण यांसाठीचा कायदा 2007 सालचा आहे. त्यानुसार निर्वाह न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. ज्येष्ठांसाठी 14567 ही निःशुल्क साहाय्यवाणी आहे. हा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. तो कधी लावावा लागला नाही तर उत्तमच.

व्हेंटिलेटर : जे बोलायचे राहून जाते

हा चित्रपट 2016 सालचा, म्हणजे नवा नव्हे. पण घरच्या पडद्यावर मी तो अलीकडेच पुन्हा पाहिला आणि तो अधिक पटला. गणपती तोंडावर आलेले, घरातले वडीलधारे अतिदक्षता विभागात, आणि बाहेर जमलेला नातेवाइकांचा गोतावळा. राजेश मापुसकर यांनी हसवत हसवत तो कठीण प्रश्न विचारला आहे : यंत्र काढायचे की ठेवायचे, आणि हे ठरवायचे कोणी?

अतिदक्षता विभागाबाहेरची ती बाके मी फार जवळून पाहिली आहेत. तिथे भांडणे होतात ती प्रेमाच्या अभावी नव्हे, तर रुग्णाची इच्छा कोणालाच ठाऊक नसते म्हणून. एक मुलगा म्हणतो, "सगळं करा." दुसरा म्हणतो, "हाल नकोत." दोघेही बापावरच्या मायेनेच बोलतात आणि पुढे कित्येक वर्षे एकमेकांना दोष देतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. सुज्ञ प्रौढ व्यक्तीने ते लेखी करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे. आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी घ्यावा, त्यांची नावेही त्यात लिहावीत. ते केव्हाही बदलता येते. त्यानंतरही उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीनेच होतो, त्यामुळे घाईने कोणी यंत्र बंद करील ही भीती नको. एक प्रत घरी आणि एक आपल्या कुटुंबवैद्याकडे ठेवावी.

पाहावे कसे?

हल्लीच्या चित्रपटांविषयी माझी एक तक्रार ज्येष्ठांच्या वतीने आहे. संवाद कुजबुजल्यासारखे, त्यावर पार्श्वसंगीताचा मारा, आणि दृश्ये काळोखी. उतारवयात आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही व्यंजने हरवतात आणि बोलणे ऐकू येऊनही उमगत नाही. नुसता आवाज वाढवल्याने संगीतच वाढते. त्यापेक्षा पडद्याखालची अक्षरे सुरू करावीत. संचात संवाद स्पष्ट करण्याची सोय असल्यास ती वापरावी आणि एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून आजीला "दिसत नाही का?" असे विचारण्याऐवजी पडद्याची उजळता वाढवावी.

खोलीत पूर्ण अंधार करू नये. मध्येच लघवीला उठताना पाय अडखळून खुब्याचे हाड मोडते. एक मंद दिवा चालू असावा. दर पाऊण तासाने चित्रपट थांबवून घरातल्या घरात फेरी मारावी, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवावेत. फरसाणाऐवजी घरच्या कमी मिठाच्या लाह्या किंवा चुरमुरे घ्यावेत. मधुमेहींनी चित्रपटासाठी जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ पुढे ढकलू नये. गंभीर चित्रपट दुपारी पाहावा. रात्री पाहिला तर झोप उडते.

आणि शक्य तर एकट्याने पाहू नये. आई-वडिलांना थेट "तुम्हाला शेवटी काय हवं?" असे विचारायला कोणाचीही जीभ रेटत नाही. पण "त्या मुलानं बरोबर केलं का हो?" असे विचारता येते. उत्तर पात्राविषयी असते आणि पुष्कळदा स्वतःविषयीही. ते उत्तर शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकावे.

घरात धडधाकट ज्येष्ठ असतील त्यांनी "ऊंचाई"पासून सुरुवात करावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी "द फादर" पाहावा आणि थोड्या दिवसांनी "थ्री ऑफ अस". "व्हेंटिलेटर" सर्वांनी एकत्र पाहावा, शक्यतो घरात सगळे ठणठणीत असताना. "जुनं फर्निचर" पाहायचा असेल तर आधी वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवावी.